चौकटीची सहावी बाजू

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी माई लिहा-वाचायला शिकली. आधी शिकली, मग लग्न झालं. लग्न ठरल्याच्या तिसऱ्या दिवशी धाकटीने आईसमोर पाटी आणून ठेवली आणि म्हणाली, "मी गेल्यावर तुमच्या दुकानात वाचणारं कोण उरणार? बाबांना दिसत नाही, तुला येत नाही. गिऱ्हाईक हसेल की."

माई तेव्हा छप्पन्न वर्षांची होती. हाताला सरसाचा वास, नखांत काळा रंग. पाटीकडे बघून ती म्हणाली, "हे काय वय आहे का माझं?"

"पावत्यांपुरतं शीक."

"पावत्या गेल्या खड्ड्यात. शिकवायचंच असेल तर पत्र वाचता येईल एवढं शिकव."

कोणाचं पत्र, ते धाकटीने विचारलं नाही. त्या घरात एकाच माणसाच्या पत्राची वाट बघितली जात होती आणि त्याचा विषय कोणी काढत नव्हतं. थोरला मुलगा घर सोडून गेला त्याला अकरा वर्षं झाली होती.

त्यांचं दुकान म्हणजे रस्त्याकडची एक खोली. मागे दोन खोल्या राहायला. दुकानात एकाच वाद्याचं काम चाले, कॉन्सर्टिनाचं. दोन हातांत मावणारी सहाकोनी पेटी. दोन्ही बाजूंना लाकडाची नाहीतर धातूची कोरलेली जाळी, जाळीत बटणं, आणि मधे घड्या पडणारा चामड्याचा भाता. ओढली की वाजते, दाबली की वाजते. नवी पेटी आता कोणी फारशी घेत नाही, पण जुन्या पुष्कळ आहेत. कोणाच्या आजोबांची असते, कोणाला माळ्यावर सापडते. सापडली की माणसाला पहिला प्रश्न पडतो, ही किती जुनी?

त्याचं उत्तर माईचा नवरा देई. म्हणून गाव त्याला सालवाले म्हणायचं. बटणं हाडाची असली तर जुनी, धातूची असली तर मागाहूनची. आतल्या स्वरपट्ट्या पितळेच्या की पोलादाच्या, भात्याला घड्या किती, भात्यावर चिकटवलेल्या कागदाची नक्षी कोणती, स्क्रूच्या डोक्यावरची खाच हाताने पाडलेली की यंत्राने, हे सगळं बघून ते साल सांगत. पेटीत कुठेतरी लाकडावर ठोकलेला नंबर असतो, पण सालवाले नंबर शेवटी बघायचे. म्हणायचे, "नंबर कोणीही ठोकेल. स्क्रू खोटं बोलत नाही."

आणि असा हा माणूस, दुसऱ्यांच्या पेट्यांची सालं तोंडपाठ असणारा, घरातलं काही विचारलं की म्हणायचा, "ते ना? नळ फुटला त्या वर्षी." दुकानात एक जाडजूड वही होती. आलेल्या प्रत्येक पेटीचं त्यात एक पान. पानावर भात्याच्या कागदाचा तुकडा, पेटीचा नंबर, त्यांनी ठरवलेलं साल, आणि आतली चामड्याची एक झडप. स्वरपट्टीवर हवा अडवायला ही बोटाच्या पेराएवढी झडप चिकटवलेली असते. ती कोणी कशी कापली यावरून पेटीला शेवटचा हात कोणाचा लागला ते कळतं. म्हणून सालवाले प्रत्येक पेटीतली एक झडप काढून वहीत लावत आणि तिच्या जागी आपली नवी घालत. पण पेटी दुकानात कधी आली हे मात्र ते त्याच पानावर घरच्याच भाषेत लिहीत. 'धाकटीला कांजिण्या आल्या तेव्हा.' 'छपराचं काम काढलं त्या महिन्यात.'

भांडणही एका पेटीच्या सालावरूनच झालं होतं. बँडमास्तरने एक पेटी आणली. दुकानात त्याचे तीन-चार मित्र बसलेले. सालवाल्यांनी डावी बाजू उघडली, बघितली, आणि नेहमीसारखं छाती काढून साल सांगितलं. थोरला तेव्हा बावीस वर्षांचा. उजवी बाजू त्याच्या हातात होती. तो म्हणाला, "बाबा, ही बाजू दुसऱ्या पेटीची आहे. तीस वर्षांनी मागाहूनची. दोन पेट्या मोडून एक केलीय." आणि त्याने दोन्हीकडचे नंबर सगळ्यांना दाखवले. नंबर जुळत नव्हते.

बँडमास्तर हसला. "काय हो सालवाले, तीस वर्षं एका फटक्यात गेली!" मित्रही हसले.

पोरगं खरं बोललं होतं, आणि तेच लागलं. गिऱ्हाईक गेल्यावर सालवाले म्हणाले, "माझ्या दुकानात माझी शोभा करायची होती ना? झाली. आता तुझं दुकान तू बघ."

"बाबा, खोटं साल सांगून पाठवायचं होतं का त्यांना?"

"नीघ म्हणतो ना. आणि गेल्यावर पत्रबित्र नको. आलं तर न वाचता चुलीत जाईल."

थोरला निघाला. वडील रागाने बोलतात ते संध्याकाळपर्यंत उतरतं असं माईला वाटलं होतं. त्याच्या वाटणीच्या दोन पोळ्या तिने झाकून ठेवल्या. त्या दुसऱ्या दिवशी तिनेच खाल्ल्या.

थोरला गेल्यावर वडिलांच्या हाताला कापरं भरलं आणि भात्याचं काम त्यांना जमेना. ते माईने उचललं. ती आधीपासून कागद कापून द्यायची, हळूहळू सगळं करू लागली. भात्याच्या दोन्ही टोकांना एकेक सहाबाजूंची लाकडी चौकट असते, तिच्यात आतून मऊ चामड्याचं अस्तर असतं. भाता बदलायचा म्हणजे जुना काढायचा, अस्तर सोलायचं, चौकट घासून कोरी करायची, मग नवं सगळं चिकटवायचं. पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं, "अहो, चौकट किती घासू?"

नवऱ्याने मान वर न करता सांगितलं, "लख्ख कर."

तिने लख्ख केली. जुना सरस, डाग, पेन्सिलच्या रेघोट्या, सगळं पॉलिशपेपरने घासून काढलं. रेघोट्या म्हणजे कारागिराने कापताना केलेल्या खुणा असतील, असं ती समजली. तिला काय, लाकडावरची कीड आणि अक्षर सारखंच.

पुढच्या वर्षापासून बंदराच्या शहरातल्या एका वाद्यांच्या व्यापाऱ्याकडून पेट्या येऊ लागल्या. वर्षाला एखादी, कधी दोन. सोबत कारकुनाची चिठ्ठी. स्वरांचं काम आमच्या माणसाने केलं आहे, भाता तुम्ही करा, साल सांगा. माई भाता करायची, सालवाले साल सांगायचे, पेटी परत जायची. धाकटी शाळा संपवून बाहेर पडली तोवर सालवाल्यांच्या डोळ्यांवर जाळं आलं होतं, आणि पुढच्या दोन वर्षांत नजर गेलीच. मग वहीत चिकटवणं-लिहिणं धाकटी करू लागली, बदलीची झडप माई त्यांच्या मापाने कापून घालू लागली आणि सालवाले बोटांनी चाचपून साल सांगू लागले. बटणावर बोट फिरवलं की हाड की धातू कळतं, आणि स्क्रूची खाच तर नखालाच कळते.

तर माई शिकली. धाकटी मास्तरीण म्हणून कडक होती. "आई, हा क आहे का? पोट धरून बसलेला माणूस वाटतोय." सालवाले खुर्चीतून म्हणायचे, "चांगलं येतंय, आता पोस्टात नोकरी बघ." माई म्हणायची, "तुम्हाला दिसत नाही तेच बरंय." आकड्यांशी तिची ओळख पेट्यांच्या नंबरांमुळे आधीच होती. जोडाक्षरांनी छळलं. पण लग्नाच्या आठवड्यात पाहुण्यांच्या खोल्यांवर कोण कुठे झोपणार त्या चिठ्ठ्या माईने लिहून लावल्या. एकाही पाहुण्याला दुसऱ्याच्या खोलीत जावं लागलं नाही. धाकटीने निघताना आईच्या कानात सांगितलं, "आता पत्र आलं तर तुझं तू वाच. कोणाची वाट बघू नकोस."

पत्र आलं नाही. लग्नानंतर दोन महिन्यांनी एका शिक्षिकेची पेटी दुरुस्तीला आली. तिची एक चौकट फुटलेली. तशीच जुनी चौकट हवी होती. सालवाले म्हणाले, "वरच्या फळीवर एक मोडकी पेटी आहे बघ. बंदरवाल्याची. भाता उंदरांनी खाल्लेला. साल सांगून सुट्या भागांसाठी ठेवून घ्या म्हणाला होता. तिची चौकट बसेल."

माईने स्टुलावर चढून ती काढली. टेबलावर घेतली, स्क्रू सोडले, उंदराने कुरतडलेला भाता कापून वेगळा केला. डावीकडची चौकट हातात आली. अस्तराचा एक कोपरा सुटला होता. तो चिमटीत धरून तिने सोलला. खाली लाकडावर पेन्सिलच्या रेघोट्या होत्या.

तिने पॉलिशपेपर घेतलासुद्धा. दहा वर्षांची सवय. हात लाकडावर टेकला, आणि तेवढ्यात तिला पोट धरून बसलेला माणूस दिसला. क. त्याच्या शेजारी काना, मात्रा, काहीतरी. तिने पॉलिशपेपर खाली ठेवला. चौकट खिडकीकडे नेली. अक्षर बारीक होतं. तिला ते ओळीने लागेना, कारण ते सहाही बाजूंवरून फिरत गेलं होतं. 'बाबा' हा शब्द सापडला तेव्हा तिला कळलं की सुरुवात इथे आहे.

एक बाजू वाचायची, चौकट फिरवायची, दुसरी वाचायची, असं करत तिने वाचलं. पहिल्या बाजूवर होतं, 'बाबा, आधीच्या सात पेट्यांत असंच लिहिलं.' दुसरीवर, 'परत आल्यावर अस्तर उचलून बघितलं. दर वेळी तुम्ही घासून टाकलेलं.' तिसरीवर, 'नंबर जुळत नाहीत हे तुम्हाला एकट्याला सांगायला हवं होतं. चारचौघांत सांगितलं. माझं चुकलं.' चौथीवर, 'ये म्हणालात तर येईन. नको म्हणालात तरी चालेल, पण लिहा.' पाचवीवर, 'धाकटी यंदा शाळेच्या शेवटच्या वर्गात असेल. आईला सांगा, जेवण वेळेवर होतं. पुढची बाजू तुमच्यासाठी सोडली आहे.'

सहावी बाजू कोरी होती.

माई खिडकीशी उभी राहिली. रस्त्यावर कोणीतरी सायकलची साखळी बसवत होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली, साखळी बसली, माणूस गेला, तरी बघत राहिली. तिला सगळ्यात आधी आठवला तो पॉलिशपेपरचा आवाज. सात पेट्या. दोन चौकटी एका पेटीला. तिने किती मन लावून घासलं होतं! एकदा तर डाग निघेना म्हणून पातं घेऊन खरवडलं होतं.

पोरगा असा विचार करून बसला होता की भाता बाबा करतात, अस्तर बाबाच सोलतील, दुसरं कोणी तिथवर पोचणार नाही. पत्र चुलीत जाईल, पण पेटी बाबा चुलीत घालणार नाहीत. तो गेल्यावर भाता आईच्या हातात आला हे त्याला सांगणार कोण?

सालवाले आतून म्हणाले, "बसली का चौकट?"

"नाही."

"मग काय करतेयस इतका वेळ?"

"वाचतेय."

ते हसले. "काय, पेटीवर जाहिरात आहे का?"

माईला वाटलं, दुसरी बाजू गाळावी. आंधळ्या माणसाला वाचून दाखवायचं, त्याला काय कळणार? घासण्याचं वगळलं तर बाकी सगळं गोडच आहे. ती त्यांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली आणि पहिल्या बाजूपासून वाचायला लागली. दुसऱ्या बाजूशी आली आणि तीही तिने वाचली. वाचायला तिला वेळ लागत होता, एकेक अक्षर लावत होती, त्यामुळे सालवाल्यांना प्रत्येक शब्द वेगळा ऐकू गेला.

संपल्यावर त्यांनी हात पुढे करून चौकट चाचपली. मग म्हणाले, "मी नाही घासलं."

"तुम्ही नाही. मी घासलं. मला ते अक्षर आहे हेच कळलं नाही."

"लख्ख कर म्हणालो होतो मी."

"हो, म्हणाला होतात."

सालवाल्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "अगं, तो तिथे आहे हे मला पहिल्या पेटीपासून माहीत होतं."

माईने वर बघितलं.

"झडपांवरून. गोल कोपरे. त्याला किती वेळा सांगितलं होतं, चौकोनी काप, गोल करण्यात काय कौतुक आहे? ऐकायचा नाही. पहिली पेटी आली, उघडली, आत सगळ्या झडपा गोल कोपऱ्यांच्या. म्हटलं, आहे. पोटापाण्याला लागलाय."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू लगेच पिशवी भरून निघाली असतीस."

"निघालेच असते! मी अकरा वर्षं पोस्टमनच्या तोंडाकडे बघतेय, आणि तुम्ही झडपा मोजत बसलात?"

"मला वाटायचं, आधी त्याने लिहावं," सालवाले म्हणाले. "दर पेटीत मी शोधायचो. कारागीर लिहितात तिथे, स्वरपट्ट्या बसवतात त्या तक्त्यावर. डोळे होते तोवर दर पेटीत बघितलं. तक्ता कोरा. म्हटलं, अजून उतरला नाही राग. मी एक झडप काढायचो, माझी चौकोनी घालायचो. त्याच्या गोल झडपांत एक चौकोनी. तो बघेल, त्याला कळेल. तेवढंच आमचं बोलणं."

"तेवढ्याने माणूस घरी येतो?"

सालवाले एकदम म्हणाले, "वही आण."

माईने वही आणली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. बंदरवाल्याची पानं धाकटीने लाल दोऱ्याने वेगळी केली होती. माई दोरा शोधून पान उलटायची, सालवाले त्यावरच्या झडपेवर बोट फिरवायचे.

"ही त्याची," ते म्हणाले. "ही त्याची. हीसुद्धा." आठव्या पानावर आले. "ही फळीवरच्या पेटीची. इथवर मीच चिकटवल्या. पुढच्या धाकटीने. त्या मी हाताळल्या नाहीत." त्यांचा आवाज खाली आला. "नजर गेल्यावर मी शोधणंच सोडलं."

नववं पान. बोट फिरलं. "गोल आहे. म्हणजे यानंतरही होता तिथे." दहावं पान. "हीपण गोल. बघ, आपण उत्तर दिलं नाही तरी काम सोडलं नाही त्याने. चिवट आहे पोरगा." त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "हे कधीचं आहे, वाच."

माईने वाचलं. "धाकटी नोकरीला लागली त्या महिन्यात आली. अकरा दिवसांनी परत पाठवली."

"पुढचं लाव."

अकरावं पान. बोट झडपेच्या कडेवरून सरकलं आणि कोपऱ्याशी थांबलं. कोपरा टोचला. त्यांनी पुन्हा फिरवलं. मग स्वतःच पान उलटलं. बारावं. तेरावं. पंधराव्या पानापर्यंत सगळ्या झडपांना कोपरे होते.

"चौकोनी," माई म्हणाली. तिलाही दिसत होतंच.

"नोकरी बदलली असेल," सालवाले म्हणाले.

"हो. बदलली असेल."

"माणूस बदलतो नोकरी. चार वर्षं झाली याला."

"हो."

दोघांनी एकमेकांना तेवढं सांगितलं आणि वही मिटली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सालवाले म्हणाले, "तरी लिही. त्याने जागा सोडलीय." माईने पेन्सिलला टोक केलं. सहाव्या बाजूवर काय लिहायचं म्हणून तिने विचारलं तर ते म्हणाले, "ये, एवढंच लिही." तिने लिहिलं. एकच अक्षर, वर मात्रा. मात्रा जरा मोठी पडली. सोबत तिने व्यापाऱ्याला पत्र लिहिलं, आयुष्यातलं पहिलं. तुमच्याकडे झडपांचे कोपरे गोल कापणारा कारागीर होता. तो आमचा थोरला मुलगा. तो असेल तर ही चौकट त्याच्या हातात द्या. नसेल तर कुठे गेला ते कळवा. चौकट कापडात गुंडाळून तिने स्वतः पोस्टात नेऊन दिली. शिक्षिकेच्या पेटीला दुसरी चौकट केली.

उत्तर अठरा दिवसांनी आलं. पोस्टमनने पुडकं हातात दिलं तेव्हा माईने ते दाबून बघितलं आणि आत चौकट आहे हे तिला कळलं. परत आलेली चौकट. तिथेच तिला सगळं कळलं, पण तिने आत येऊन पुडकं सोडलं आणि पत्र नवऱ्याला वाचून दाखवलं.

व्यापारी भला माणूस होता. त्याने लिहिलं होतं की तुमच्या मुलासारखा कारागीर पुन्हा मिळाला नाही. भात्याचं काम तुमच्याकडेच द्यायचं, हा हट्ट त्याचाच. घरचं विचारलं की कोणी नाही म्हणायचा, म्हणून आम्हाला कोणाला कळवता आलं नाही. छातीचं दुखणं होतं, दवाखान्यात दहा-बारा दिवस काढले. त्याला जाऊन चार वर्षं झाली असतील, थंडीचे दिवस होते, महिना आता नीट आठवत नाही. त्याच्या टेबलावर एक डबी होती. आत चामड्याचे तुकडे आहेत, कशाचे ते आम्हाला कळलं नाही, फेकवले नाहीत. सोबत पाठवतो.

माईने डबी नवऱ्याच्या तळहातावर उपडी केली. त्यांनी एकेक तुकडा दोन बोटांत धरून बघितला. चौकोनी. झडपा त्यांच्याच हातच्या, शेवटची माईच्या हातची. परत आलेल्या प्रत्येक पेटीतली ती एक चौकोनी झडप थोरल्याने काढून ठेवली होती आणि तिच्या जागी आपली गोल घातली होती.

"किती आहेत?" माईने विचारलं.

"आठ."

"परत किती गेल्या होत्या?"

"सात, आणि फळीवरची राहिली, मग दोन. नऊ." सालवाले थोडा वेळ थांबले. पेटीचं साल सांगण्याआधी थांबायचे तसेच. "परत जाणारी नववी, म्हणजे वहीतली दहावी, गेली तेव्हा ती उघडायला तो नव्हता. आणि तिच्यात झडपा घालून ती इकडे पाठवली तेव्हा होता. म्हणजे ती पेटी आपल्याकडे होती तेव्हा गेला. त्या अकरा दिवसांत."

माईला ती पेटी आठवली. धाकटीच्या नोकरीचे पेढे वाटून झाले होते आणि ती गुणगुणत भाता चिकटवत होती. चौकट घासायला फार वेळ लागला नव्हता. लाकडावर काहीच नव्हतं. बरं झालं, असं तेव्हा ती मोठ्याने म्हणाली होती.

"अहो," ती म्हणाली, "त्याला शेवटपर्यंत वाटलं असेल, तुम्हीच घासलंत."

"हो."

"मी होते हे त्याला कळलं असतं तर हसला असता. आईला कुठे वाचता येतं, म्हणाला असता."

सालवाले रडले ते त्या वाक्याला. आवाज न करता, तळहातावरच्या झडपा सांडू नयेत म्हणून हात तसाच पुढे धरून. माईने एकेक झडप उचलून डबीत ठेवली, मग त्यांचा हात खाली केला.

चौकटीला तिने नवं अस्तर लावलं. सहाही बाजू तशाच ठेवल्या, पॉलिशपेपर लावला नाही, सरस फक्त कडेकडेने दिला. त्या पेटीला पुरा भाता केला, अस्सल जुन्या नक्षीचा कागद लावला. ती विकायची नाही असं ठरलं होतं, ठरवायला कोणी बोललं मात्र नाही.

मग सालवाले म्हणाले, "वही काढ. दहाव्या आणि अकराव्या पानाच्या मधे जागा आहे का?"

"अर्धं पान आहे."

"पुरे. लिही."

माईने लिहिलं, आणि जोडाक्षराशी अडली तिथे थांबून पुन्हा लिहिलं. थोरला मुलगा वारला. धाकटी नोकरीला लागली त्या वर्षी, थंडीत, दहावी पेटी दुकानात होती त्या अकरा दिवसांत. वय एकोणतीस. घरी कळलं धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी.